मस्टँगचं मागचं चाक आपटतंय? सबफ्रेम घट्ट करण्याचा नीट क्रम

क्लच सोडला की गाडी सरळ पुढे झेपावण्याऐवजी मागून कोणी घणाचे घाव घालतंय अशी धडधडते. आरशातला रस्ता थरथरतो, सीटमधून हिसके बसतात आणि पाय उचलेपर्यंत ते थांबत नाहीत. हा व्हील हॉप. फोर्ड मस्टँगच्या एस ५५० पिढीच्या, म्हणजे २०१५ ते २०२३ या काळातल्या जीटीत ही तक्रार नेहमीची आहे, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत जास्तच. दर उन्हाळ्यात माझ्या गराजमध्ये दोन-तीन जण तरी सबफ्रेम घट्ट करणारं किट आधी विकत घेऊन येतात आणि मग विचारतात, "हे नक्की बसवायचं कुठं?" लग्न ठरवून मुलगी शोधण्यातला प्रकार.

मी राहतो अमेरिकेत मिशिगनमध्ये, मस्टँग जिथे तयार होते त्या फ्लॅट रॉकपासून फार लांब नाही. खाली लिहिलंय ते स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर हात काळे करून. २०१४ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मस्टँगना मागे सलग अ‍ॅक्सल होता. तिथे हॉपची कारणं आणि इलाज वेगळे आहेत, त्यामुळे हा लेख त्या गाडीला लावू नका.

## आधी समजून घ्या, हलतंय काय

या गाडीत मागची दोन्ही चाकं, त्यांना धरणारे दांडे म्हणजे लिंक, आणि इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा डिफरन्शियल (डिफ) हे सगळं एका लोखंडी चौकटीवर बसलेलं आहे. ती चौकट म्हणजे सबफ्रेम. ती चार मोठ्या बोल्टांनी बॉडीला टांगलेली असते, आणि बोल्ट व चौकट यांच्यामध्ये रबराचे जाडजूड बुश असतात. रस्त्याचा आणि गिअरचा आवाज आत येऊ नये म्हणून कंपनीने ते मुद्दाम मऊ ठेवले आहेत.

आता हिशेब करा. २०१५ ते २०१७ मधल्या जीटीचं इंजिन ५४२ न्यूटन-मीटर देतं. पहिला गिअर ३.६६, परफॉर्मन्स पॅकमधला डिफ ३.७३. गुणाकार ७,४०० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. एवढं रस्त्यावर उतरवणं रस्त्यावरच्या टायरच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून टायर पकडतो, त्याची बाजू पिळते, डिफचं नाक वर उचलतं, सबफ्रेम रबरावर कलते. हा सगळा पिळा साठत जातो आणि टायर सुटला की एका झटक्यात मोकळा होतो. मोकळा झाला की टायर पुन्हा पकडतो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे चालतं आणि चाकाचं स्वतःचं उसळण्याचं प्रमाणही तेवढंच असतं, त्यामुळे दोघं एकमेकांना झोका देत राहतात.

मऊ जागा एकच नसते, ती साखळी असते: टायर, शॉकअप, सबफ्रेमचे बुश, डिफचे बुश, लिंकचे बुश. आपल्या गाडीत यातली कोणती कडी सैल आहे ते न बघता एखादीच दगडासारखी कडक केली, तर पिळा पुढच्या कडीत जातो. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

थांबा: हॉप सुरू झाला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, लगेच. "जाईल निघून" म्हणून पाय दाबून ठेवणाऱ्यांचे हाफशाफ्ट, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतचे दांडे, तुटतात, कधी डिफच्या घराला तडा जातो.

## १. हॉप आहे की नुसतं घसरणं?

चाक एकाच सुरात फिरत असेल, धूर निघत असेल, पण गाडीला हिसके नसतील, तर ते घसरणं आहे. त्याला सबफ्रेमचं औषध लागू नाही.

मित्राला बंदिस्त जागी, गाडीच्या बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागचं चाक टिपायला सांगा. हॉप असेल तर चाक फेंडरच्या आत वर-खाली आणि थोडं पुढे-मागे उडताना स्वच्छ दिसतं. टायरची बाजू चुरगळते आणि ताणली जाते, तेही दिसतं. हा व्हिडिओ जपून ठेवा, काम झाल्यावर तुलनेला लागेल.

## २. फुकटातल्या गोष्टी आधी

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांचा टायर वरून कितीही चांगला दिसो, रबर कडक झालेलं असतं. एकदा एक जण दोन हजार डॉलरचे सुटे भाग घेऊन आला होता. टायर बदलल्यावर त्याचा अर्ध्याहून अधिक हॉप गेला. भाग अजून त्याच्या माळ्यावर आहेत.

हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, थंड टायरवर मोजा. एक-दोन पीएसआयने वर-खाली करून फरक बघा. दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याच्या फार खाली जाऊन रस्त्यावर चालवू नका.

मग शॉकअप. तेलाचा ओघळ दिसला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि शॉकअप बदला. उसळणारं चाक आवरायचं काम त्यांचंच आहे. मेलेल्या शॉकअपवर कडक बुश बसवणं म्हणजे गळक्या छताला रंग देणं.

भारतातल्या मालकांसाठी थोडं वेगळं. तिथे २०१६ मध्ये आलेली जीटी सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची होती. टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीचा झटका बराच गिळतो, त्यामुळे त्या गाडीत हॉप असेल तर संशयाची सुई आधी जुन्या टायरकडे आणि शॉकअपकडे वळवा.

## ३. मातीची युक्ती

हे कुठल्या किटच्या कागदावर नसतं. सबफ्रेम किती हलते हे डोळ्यांना दिसत नाही, कारण ताण गेला की ती जागेवर परत येते. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती घ्या. सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये जिथे बोटभर फट आहे तिथे, चारही बुशांजवळ, एकेक गोळा दाबून बसवा. डिफचं नाक आणि सबफ्रेम यांच्यामध्येही एक. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा, नाहीतर वितळून सगळं चिकट होईल. कॅलिपरने प्रत्येक गोळ्याची जाडी मोजून कागदावर लिहा.

आता बंद जागी दोन-तीन वेळा जोरात सुटून बघा, हॉप आला की पाय उचला. परत येऊन गोळे मोजा. जिथली माती जास्त चपटली, तिथे हालचाल जास्त. माझ्या गाडीत पुढच्या दोन बुशांजवळचे गोळे निम्म्याहून कमी झाले होते. डिफजवळचा जवळजवळ तसाच होता. मी डिफचे बुश मागवणार होतो, ते त्याच संध्याकाळी रद्द केले.

जोडीला रंगाच्या पेनने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून सबफ्रेमपर्यंत आणि सबफ्रेमवरून बॉडीपर्यंत सरळ रेघ मारा. चाचणीनंतर रेघ तुटलेली दिसली तर चौकट बोल्टाच्या भोकात सरकते आहे. त्यासाठी मध्य साधणाऱ्या बाह्या, म्हणजे बोल्टावर चढून त्याला भोकाच्या मधोमध धरणाऱ्या नळ्या, लागतात. नुसत्या कडक बुशाने ते सरकणं थांबत नाही.

## ४. किट कोणतं

तीन पायऱ्या आहेत.

पहिली, भरणी. मूळ रबरी बुशात ज्या पोकळ्या असतात त्या वरून आणि खालून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पॉलियुरेथेनच्या चकत्यांनी भरायच्या. सबफ्रेम पूर्ण उतरवावी लागत नाही, एका शनिवारात होतं. बीएमआर आणि स्टीडा या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांकडे अशी किट मिळतात, काहींत मध्य साधणाऱ्या बाह्याही असतात. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीला मी याच्या पुढे जायला सांगत नाही.

दुसरी, रबर काढून पूर्ण पॉलियुरेथेनचे बुश. यासाठी सबफ्रेम खाली उतरवून प्रेसवर बुश काढावे लागतात.

तिसरी, सरळ धातूचे बुश. हॉप सगळ्यात कमी, आणि डिफचा घुंई आवाज सगळ्यात जास्त. शनिवार-रविवारच्या ट्रॅकच्या गाडीला ठीक. घरच्यांना घेऊन शिकागोपर्यंत जाऊन बघा, परतीच्या वाटेत कोणी बोलणार नाही.

यापुढची कृती पहिल्या प्रकारची, म्हणजे भरणीची आहे, कारण सगळ्यात जास्त लोक तीच घेतात आणि तीच चुकीची बसवतात.

## ५. तयारी

गाडी उचलायच्या तीन दिवस आधीपासून, रोज संध्याकाळी, चारही बोल्टांच्या टोकांवर गंज सोडवणारं तेल मारा. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथले बोल्ट आटे धरून बसतात. कोकण किनाऱ्यावर गाडी असेल तर तिथेही हेच.

हाताशी हे असू द्या: दोन जॅक, दोन भक्कम स्टँड, ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्कचा पान्हा, लांब दांड्याचा तोडणी पान्हा, पहार, तारेचा ब्रश, रंगाचं पेन आणि तुमच्याच मॉडेल-वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल. टॉर्कचे आकडे त्यातूनच घ्यायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेल्या फोटोवरून नाही. मॅन्युअलमध्ये "नवा बोल्ट वापरा" लिहिलं असेल तर नवेच बोल्ट आधी मागवून ठेवा.

मग किट उघडा आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळे तुकडे गाडीत बसतील तसे मांडा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, प्रत्येकाचं वरचं आणि खालचं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या आणि मागच्या चकत्या हातात सारख्याच वाटतात, जाडीत जरासा फरक असतो. पहिल्या वेळी मी त्या अदलाबदल करून बसवल्या. बोल्ट आवळले गेले, पण सबफ्रेम एका अंगाला कलली आणि रविवार सगळं पुन्हा खोलण्यात गेला.

तपासा: सगळे तुकडे मोजून किटच्या यादीशी जुळले का? गाडी स्टँडवर चढल्यावर एक वॉशर कमी निघाला तर आठवडा जातो.

## ६. गाडी उचलणं

सपाट काँक्रीट. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करून घ्या.

सबफ्रेमचे बोल्ट अजून आवळलेले आहेत, तोवर मागून डिफखाली लाकडाचा तुकडा ठेवून जॅकने गाडी उचलता येते. स्टँड मात्र दारांखालच्या पट्टीवर, कंपनीने नेमून दिलेल्या जागी लावायचे.

थांबा: स्टँड सबफ्रेमखाली लावायचे नाहीत. आपण सोडवणार आहोत ती तीच चौकट. हे लिहायला लागतं, कारण मी ते झालेलं पाहिलं आहे. दुसरा बोल्ट निघाल्यावर बॉडी स्टँडवरून सरकायला लागली, नशिबाने खाली कोणी नव्हतं.

चाकं काढा आणि बॉडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड दगा देईल तेव्हा तीच वाचवतात. मग गाडीला बाजूने चांगला धक्का देऊन बघा. हलली तर खाली शिरायचं नाही.

आता जॅक सबफ्रेमच्या मधोमध, लाकडी फळी ठेवून, नुसता टेकेल एवढा वर आणा. स्प्रिंगमध्ये अजून ताण आहे, त्यामुळे सबफ्रेम आधाराशिवाय एक क्षणही सोडायची नाही.

## ७. एका वेळी एक बोल्ट

आधी बघून घ्या: ब्रेकचे रबरी नळ, हँडब्रेकच्या केबल, एबीएसच्या तारा. सबफ्रेम दोन-तीन सेंटिमीटर खाली येईल तेव्हा यातलं काही ताणलं जातं का? जाणार असेल तर त्यांच्या क्लिपा सोडवा. सायलेन्सरची रबरं साबणाच्या पाण्याने निघतात.

चारही बोल्ट थोडे-थोडे सैल करा, पण सगळे आट्यांत राहू द्या. काही गाड्यांत पुढच्या बोल्टाबरोबर छोटी ब्रेस, म्हणजे आधारपट्टी, असते, तिचे बोल्ट आधी. मग जॅक अगदी सावकाश सोडा. झडप पाव वळसाही नाही, केसभर.

आता पुढचा डावा बोल्ट पूर्ण काढा. बाकीचे तीन जागेवर. बॉडी आणि बुश यांच्यामध्ये फट दिसेल. तारेच्या ब्रशने तिथली माती आणि गंज घासून काढा. चकतीखाली एक खडा राहिला तरी आवाज कायमचा पाहुणा होतो. वरची चकती आत सरकवा, तिचे उंचवटे रबराच्या पोकळीत नीट बसले पाहिजेत. बसत नसेल तर ती फिरवा. हातोडीने ठोकू नका. खालची चकती आणि बाही बोल्टावर चढवून बोल्ट हातानेच आट्यांत घाला.

तपासा: पहिले पाच-सहा आटे हाताने फिरले पाहिजेत. अडलं तर पान्हा लावू नका, बोल्ट काढा आणि पुन्हा सरळ धरा. बॉडीतले आटे एकदा गेले की काम गराजचं राहत नाही.

हा बोल्ट सैलच ठेवा आणि पुढच्यावर जा: पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. एक बसवला की आवळून टाकायचा मोह होतो. टाळा, नाहीतर चौकट तिरकी अडकते आणि चौथ्या बोल्टाला भोकच सापडत नाही. मग लोक पहार घालून ओढतात.

वंगणाचं काय? पॉलियुरेथेनच्या तुकड्यांना सिलिकॉनचं ग्रीस, किटबरोबर येतं तेच. पेट्रोलियमचं साधं ग्रीस मूळ रबराला खातं. बोल्टाच्या आट्यांना, मॅन्युअलमध्ये नसेल तर, काही लावायचं नाही. तेलकट आट्यावर तोच टॉर्क लावला की बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

## ८. आवळणं

बहुतेकांचं काम इथे बिघडतं.

चारही बोल्ट आट्यांत आले की जॅकने सबफ्रेम वर घ्या, फट बंद होईपर्यंत. मध्य साधणाऱ्या बाह्या असतील तर त्या आपोआप चौकट जागेवर आणतात. नसतील तर आधी मारलेल्या रेघा जुळवा. मग बोल्ट तीन फेऱ्यांत आवळा: पहिली फेरी मॅन्युअलच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाने, दुसरी दोन तृतीयांशाने, तिसरी पूर्ण. क्रम तिरका, पुढचा डावा मग मागचा उजवा, असा.

सबफ्रेमचे चार बोल्ट गाडी स्टँडवर असताना आवळले तरी चालतात. पण कामाच्या ओघात लिंकचा किंवा आर्मचा एखादा बोल्ट सैल केला असेल, तर तो चाकं लोंबकळत असताना आवळू नका. त्या बुशांत रबर धातूला चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, मागची उंची बदलते आणि वर्षभरात बुश फाटतो. गाडी चाकांवर उभी करून, किंवा आर्मखाली जॅक लावून चाक चालत्या उंचीला आणून, मगच तो बोल्ट आवळा.

शेवटी प्रत्येक बोल्टावर नवी रेघ, वेगळ्या रंगाची.

तपासा: सायलेन्सर कुठे टेकत नाही ना? हँडब्रेकच्या केबल क्लिपांत परत गेल्या? ब्रेकचे नळ पिळलेले नाहीत ना?

## ९. अलाइनमेंट, त्याच आठवड्यात

सबफ्रेम मिलिमीटरभर सरकली तरी दोन्ही मागची चाकं एकत्र तिरकी होतात. स्टीअरिंग सरळ धरलं तरी गाडी खेकड्यासारखी जाते. चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. दुकानदाराला फक्त पुढचं नको म्हणा, मागचा टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून गाडीला कुठल्या दिशेला ढकलतात) कागदावर छापून मागा. मागचे दोन्ही टो सारखे नसतील तर आधी सबफ्रेमची जागा बघायला सांगा, थेट टोच्या बोल्टाला हात लावू देऊ नका. टो जुळवून चुकीची जागा लपवता येते, पण हॉप परत येतो.

## १०. चाचणी

बदल एकच, बाकी सगळं पहिल्यासारखं: तेच टायर, तीच हवा, तीच जागा, तेवढीच टायरची ऊब. आम्ही इथल्या मिलान ड्रॅगवेवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर जातो. भारतात अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झालेल्या आहेत, अशी संधी मिळाली तर तिथे, एक्सप्रेस-वेच्या कडेला नाही. पहिल्यांदा २,००० आरपीएमवर सुटा, मग पाचशे-पाचशेने वाढवा. पुन्हा मातीचे गोळे, पुन्हा व्हिडिओ.

बुशांजवळचे गोळे आता जेमतेम चपटले आणि तरी हॉप उरला, तर पिळा पुढच्या कडीत गेला आहे. डिफजवळचा गोळा बघा. तो चपटला असेल तर डिफच्या बुशांच्या भरण्या घ्या. मूळ रबर राहू देणाऱ्याच घ्या, आवाज आटोक्यात राहतो. तोही तसाच असेल तर नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, आणि खालच्या आर्मला जोडणारी छोटी उभी लिंक तपासा. नकलचा पुढे-मागे पिळा तीच अडवते, आणि तिचे रबरी टोक झिजलेलं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

थोडा आवाज वाढेलच. ९० ते ११० किलोमीटरच्या वेगात, पाय सोडताना बारीक घुंई ऐकू येते, ती डिफची. ठक-ठक किंवा टक असा एकच ठोका, विशेषतः रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना, हा मात्र सैल बोल्टाचा किंवा उलट्या बसलेल्या चकतीचा आवाज. तो ऐकू आला तर गाडी परत स्टँडवर.

दीडशे-दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडीखाली दिवा घेऊन जा आणि रंगाच्या रेघा बघा. जुळलेल्या असतील तर बोल्टांना हात लावायचा नाही. एखादी तुटलेली दिसली तर फक्त पुन्हा आवळून सोडू नका. तो बोल्ट काढा, चकतीखाली काय राहिलं आहे ते बघा, आणि मॅन्युअल म्हणत असेल तर बोल्ट नवा घाला.